वाचकांचे प्रश्न : आधी स्विचकडे बघा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतायत, ती म्हणजे नेट स्लो आहे. पण प्रश्न नीट वाचले की लक्षात येतं, बऱ्याच ठिकाणी स्लो आहे ते इंटरनेट नाहीच, ऑफिसातल्या ऑफिसात किंवा घरातल्या घरात जे नेटवर्क आहे ते अडतंय, आणि अडतंय तिथं बहुतेक वेळा टेबलाखाली नाहीतर कपाटावर एक छोटा डबा असतो ज्याच्याकडे बसवल्या दिवसापासून कुणी वळून बघितलेलं नसतं. तो डबा म्हणजे इथरनेट स्विच. प्लॅन वाढवायच्या आधी, राउटर बदलायच्या आधी त्याच्याकडे बघा असं मी कळकळीने सांगते, म्हणून हा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : ताई, आमच्याकडे जुना हब होता, तो काढून नेटवर्कवाल्याने स्विच लावला. दोन्ही दिसायला सेम, केबली त्याच, कॉम्प्युटर तेच, तरी सर्व्हरवरच्या फाइली भराभर उघडायला लागल्या. हे नेमकं झालं कसं?

उत्तर : हब काहीच विचार करत नाही. एका पोर्टवर जो सिग्नल आला तो जसाच्या तसा बाकी सगळ्या पोर्टवर सोडतो, ज्याला हवाय त्यालाही आणि ज्याचा काही संबंध नाही त्यालाही. म्हणजे दहा कॉम्प्युटर हबला जोडले तर दिसायला दहा वायरी, पण खरं तर दहाही जण मिळून एकच वायर वापरतायत, आणि एका वेळी एकानेच बोलायचं.

इथरनेटचा जन्मच असा झालाय. १९७३ साली झेरॉक्सच्या पार्क या रिसर्च सेंटरमध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी हे काम सुरू केलं तेव्हा एकच लांबलचक कोअॅक्स केबल होती, सगळी मशिनं तिलाच जोडलेली, स्पीड २.९४ एमबीपीएस. नियम असा की बोलायच्या आधी ऐकायचं, लाइन मोकळी असेल तर बोलायचं, आणि दोघं एकदमच बोलले की टक्कर, मग दोघांनीही थांबायचं, प्रत्येकाने आपापला रँडम वेळ वाट बघायची आणि पुन्हा ट्राय करायचं. पुढे १० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये हा थांबायचा वेळ ५१.२ मायक्रोसेकंदांच्या पटीत असायचा, टकरी वाढल्या की थांबण्याची रेंज दुप्पट दुप्पट होत जायची, आणि लागोपाठ १६ वेळा टक्कर झाली की कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड ती फ्रेम, म्हणजे डेटाचा तो गठ्ठा, सोडून द्यायचं. चार मशिनं असतील तर हे छान चालतं, पण माणसं वाढली, फाइली मोठ्या झाल्या की वेळ डेटा पाठवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातो. तुमच्या हबवर हेच चालू होतं.

स्विच काय करतो तर आलेली फ्रेम वाचतो. प्रत्येक फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, असतो. समजा हिशेबाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर पोर्ट ३ ला आहे आणि प्रिंटर पोर्ट ७ ला. कॉम्प्युटरने पहिली फ्रेम पाठवली की स्विच आधी पाठवणाऱ्याचा अॅड्रेस बघतो आणि आपल्या टेबलात लिहून ठेवतो की हा पोर्ट ३ वर राहतो. प्रिंटर कुठे आहे हे त्याला अजून माहीत नाही, म्हणून ही एक फ्रेम तो सगळीकडे सोडतो, अगदी हबसारखी. प्रिंटरने उत्तर दिलं की त्याचाही पत्ता लागला, पोर्ट ७. त्यानंतर या दोघांचं बोलणं फक्त ३ आणि ७ मध्ये, बाकीच्या पोर्टना त्याचा पत्ताही नसतो, आणि त्याच क्षणी पोर्ट १ वरचं मशिन पोर्ट ५ वरच्या सर्व्हरशी फुल स्पीडने बोलू शकतं. बरेचसे स्विच ही नोंद ३०० सेकंद ठेवतात, तेवढ्या वेळात तो अॅड्रेस पुन्हा दिसला नाही तर खोडतात, आणि तुम्ही लॅपटॉप उचलून दुसऱ्या पोर्टला लावला तरी स्विच आपणहून नव्याने शिकतो, कुणी काही सेट करायला लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला त्याहून मोठी वाटते, ती म्हणजे फुल डुप्लेक्स. स्विचच्या एका पोर्टवर एकच मशिन असेल तर टक्कर व्हायला समोर दुसरं कुणीच नाही, मग ऐका, थांबा, पुन्हा ट्राय करा ही सगळी भानगडच बंद करता येते आणि पाठवणं आणि घेणं एकाच वेळी चालतं. हे १९९७ मध्ये ८०२.३ एक्स या स्टँडर्डमध्ये आलं. म्हणून ८ पोर्टचा चांगला गिगाबिट, म्हणजे पोर्टमागे १ जीबीपीएसचा, स्विच असेल तर त्याच्या डेटाशीटवर स्विचिंग कपॅसिटी १६ जीबीपीएस लिहिलेली दिसते, आठ पोर्ट, जायला एक आणि यायला एक. विकत घेताना हा आकडा बघायचा, तो पोर्टच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर सगळे पोर्ट एकदम फुल चालणार नाहीत.

जाता जाता, पहिला इथरनेट स्विच म्हणून ज्याचं नाव घेतात तो इथरस्विच १९९० च्या सुमारास विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या कल्पना नावाच्या कंपनीने आणला, ७ पोर्टचा. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने घेतली.

प्रश्न : सर्व स्विच गिगाबिट आहेत, केबल कॅट ६ आहे, तरी आतल्या बाजूच्या खोलीतली सगळी माणसं ओरडतात की सर्व्हर स्लो आहे. बाहेरच्या खोलीत मात्र कुणाची तक्रार नाही. सर्व्हर बदलावा का?

उत्तर : सर्व्हरला हात लावू नका. बाहेरच्यांना तोच सर्व्हर फास्ट वाटतोय ना, मग तो ठीक आहे. आतल्या खोलीतल्या स्विचपासून बाहेरच्या स्विचपर्यंत जी एकच केबल आलीय तिच्यावर माझा संशय आहे, आणि त्या रस्त्यात अजून एखादा स्विच कुणी मध्येच घुसवलाय का तेही बघा, जागा कमी पडली की टेबलाखाली ५ पोर्टचा एक स्विच, त्याला पुढे अजून एक, अशी माळ लागत जाते आणि त्यातला एखादा जुना १०० एमबीपीएसवाला असतो. माळेत एक जरी १०० चा असला तरी त्याच्या मागच्या सगळ्यांसाठी लिमिट १००. हिशोब करून बघा, आत १२ माणसं असतील आणि सगळ्यांनी एकदम सर्व्हरवरून काही उघडलं तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ८ एमबीपीएस येतं, म्हणजे ८ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला साधारण १ एमबी, आणि २० एमबीची फाइल उघडायला २० सेकंद. माणूस वैतागणारच.

मी म्हणेन माळ मोडा. मध्ये एक चांगला स्विच ठेवा, सर्व्हर त्याला, आणि प्रत्येक खोलीचा स्विच थेट त्यालाच, मधे काही नको. केबल जास्त लागते हे खरं पण मग एका खोलीचा स्विच मेला तर फक्त ती खोली बंद पडते, माळेत मधला मेला की मागचे सगळे गेले.

आणि मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. आयपर्फ ३ नावाचा फुकट टूल आहे, एक लॅपटॉप सर्व्हरशेजारी लावून त्याच्यावर चालवा, दुसरा लॅपटॉप तक्रारीच्या टेबलावर. ९४० एमबीपीएसच्या आसपास आकडा आला तर गिगाबिटचा रस्ता स्वच्छ आहे, १००० कधीच दिसणार नाही कारण हेडर आणि दोन फ्रेममधलं अंतर यात थोडं जातंच. ९४ च्या आसपास आला तर कुठंतरी १०० ची लिंक आहे. आणि ३००, ५०० असं काहीतरी हलतं डुलतं आलं तर मग त्या रस्त्यावर गर्दी आहे, किंवा लॅपटॉपच थकलाय, किंवा केबल खराब आहे, तिथून पुढे एक एक तुकडा वेगळा करून मोजत जायचं.

प्रश्न : एकाच कॉम्प्युटरला १०० एमबीपीएस दाखवतं, शेजारच्याला १ जीबीपीएस. कार्ड दोन्ही सेम. विंडोज रिइन्स्टॉल पण केलं.

उत्तर : विंडोजचा यात काही संबंध नसणार. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी, पिन ४-५ किंवा ७-८, यातली एखादी तार आरजे ४५ मध्ये नीट बसलेली नसेल तर १०० व्यवस्थित चालतं आणि गिगाबिट लागतच नाही. दोन्ही टोकांची कार्डं आधी गिगाबिट ठरवून बघतात, लिंक लागत नाही, मग बरीचशी आपणहून १०० वर उतरतात, काही ठिकाणी उतरतही नाहीत आणि लाइट लागतो जातो लागतो जातो असं चालू राहतं.

कनेक्टर डोळ्याजवळ धरून बघा. प्लॅस्टिकच्या पुढच्या टोकाला आठही तांब्याची टोकं टेकलेली दिसली पाहिजेत, एखादी जरा मागे राहिलेली असेल तर तीच. आणि बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत दाबलेलं असायला हवं, ते बाहेरच राहिलं असेल तर रोज खुर्ची लागून लागून आतल्या तारा ओढल्या जातात आणि सहा महिन्यांनी हा प्रॉब्लेम येतो. टोक कापून नवीन क्रिम्प करा, साध्या केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात का बघा, काम होईल.

प्रश्न : पिंग एकदम मस्त येतो, एकही ड्रॉप नाही, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रडत रडत जाते. काही समजत नाही.

उत्तर : हे लक्षण फार ओळखीचं आहे. आधी विचारा, कुणी मागे स्विचवर किंवा कार्डावर स्पीड हाताने १०० फुल असं फिक्स केलंय का? केलं असेल आणि समोरची बाजू ऑटोवर असेल तर गडबड ठरलेली. ऑटोवाल्याला समोरून वाटाघाटीचा काही सिग्नलच येत नाही, तो स्पीड ओळखतो पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, म्हणून नियमाप्रमाणे हाफ धरून बसतो. आता एक बाजू फुल, तिला वाटतं हवं तेव्हा बोलावं, दुसरी हाफ, तिला वाटतं मी बोलत असताना समोरच्याने बोलायला नको. पिंगमध्ये एक छोटं पॅकेट जातं आणि एक येतं, दोघं एकदम बोलायची वेळच येत नाही, म्हणून सगळं छान दिसतं. फाइल कॉपीमध्ये डेटा एकीकडून आणि पोहोच दुसरीकडून सतत चालू असते, तिथं हाफवाला पुन्हा पुन्हा टक्कर समजून थांबतो, अर्ध्या फ्रेमा फेकल्या जातात आणि टीसीपी, म्हणजे डेटा पोचला की नाही बघणारा प्रोटोकॉल, बिचारा परत परत पाठवत बसतो.

मॅनेज्ड स्विच, म्हणजे आत जाऊन सेटिंग बघता-बदलता येतं असा, असेल तर त्या पोर्टचे काउंटर उघडा, एका बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) आणि दुसऱ्या बाजूला सीआरसी एरर (बिघडून आलेल्या फ्रेमा) वाढताना दिसले की निदान पक्कं. उपाय एकच, दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. हाताने फिक्स करायची सवय जुन्या काळातली आहे, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची ऑटो निगोशिएशन एकमेकांशी नीट जुळत नसे. कॉपरवरच्या गिगाबिटला तर ऑटो लागतंच.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये अचानक सगळं नेटवर्क बंद पडलं, एकही मशिन दुसऱ्याला दिसेना, स्विचचे सगळे लाइट वेड्यासारखे एकदम लुकलुकत होते. दोन तासांनी कळलं की कुणीतरी भिंतीजवळ लोंबणारी केबल मोकळी दिसली म्हणून परत स्विचलाच लावली होती. एका केबलने एवढं सगळं कसं काय बंद पडतं?

उत्तर : तुम्ही दोन तासांत शोधलंत हे खरंच चांगलं केलंत, बऱ्याच ठिकाणी दिवस जातो. याला लूप म्हणतात, आणि मला विचाराल तर लोकल नेटवर्कच्या भरवशाचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही फ्रेमा सगळ्यांसाठीच असतात, ब्रॉडकास्ट. उदाहरणार्थ कॉम्प्युटरला सर्व्हरचा मॅक अॅड्रेस हवा असतो तेव्हा तो सगळ्यांना ओरडून विचारतो की हा आयपी कुणाचा. स्विच अशी फ्रेम आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टवर सोडतो, त्याचं कामच ते आहे. आता केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचला लावलीत तर ती फ्रेम एका टोकातून बाहेर पडते आणि दुसऱ्या टोकातून परत आत येते, स्विचला वाटतं नवीन फ्रेम आली, पुन्हा सगळीकडे सोडतो, पुन्हा परत येते. उलट्या दिशेनेही तेच. आयपी पॅकेटमध्ये एक काउंटर असतो जो प्रत्येक राउटरवर एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं, पण इथरनेटच्या फ्रेममध्ये असं काहीच नाही, ती आपणहून कधीच मरत नाही. अशा चार-पाच फ्रेमा फिरायला लागल्या की काही क्षणांत पूर्ण बँडविड्थ त्याच खातात. गिगाबिटच्या एका लिंकवरून सगळ्यात छोट्या ६४ बाइटच्या फ्रेमा सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात, आणि त्यातली प्रत्येक ब्रॉडकास्ट लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला वाचावी लागते, म्हणून नुसतं नेटवर्क नाही तर मशिनंही जड होतात. त्यात भर म्हणजे एकाच मशिनचा अॅड्रेस कधी या पोर्टवरून येतोय कधी त्या, त्यामुळे स्विचचं टेबलही सारखं चुकत राहतं.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत काम करताना काढला, स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, त्यातून एक रूट स्विच निवडतात, प्रत्येक जण रूटकडे जायचा आपला सगळ्यात स्वस्त रस्ता ठरवतो आणि ज्या जास्तीच्या लिंकमुळे गोल तयार होईल ती लिंक बंद करून ठेवतो, केबल लावलेलीच राहते फक्त तिच्यावरून डेटा जात नाही. मुख्य रस्ता तुटला की ही झोपवलेली लिंक जागी करतात. म्हणजे ज्या जास्तीच्या केबलने तुमची लॅब बंद पडली, तीच केबल स्पॅनिंग ट्री असताना तुमचा बॅकअप होते! मला हे डिझाइन आजही फार आवडतं.

जुन्या स्पॅनिंग ट्रीला बदल झाल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद लागायचे. २००१ मध्ये ८०२.१ डब्ल्यू म्हणजे रॅपिड स्पॅनिंग ट्री आला, तो नीट लावलेला असेल तर हे काम बहुतेक वेळा एखाद-दोन सेकंदांत, कधी त्याहून लवकर होतं. तुमच्याकडे मॅनेज्ड स्विच असेल तर रॅपिडच चालू ठेवा, आणि ज्या पोर्टवर फक्त कॉम्प्युटर आहेत ते एज पोर्ट म्हणून सेट करा, नाहीतर कॉम्प्युटर चालू केल्यावर ३० सेकंद पोर्ट उघडतच नाही, तेवढ्यात मशिन आयपी मागून मागून दमतं आणि १६९.२५४ ने सुरू होणारा अॅड्रेस घेऊन बसतं, मग लोक डीएचसीपीला, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेला, शिव्या देतात. एज पोर्टवर बीपीडीयू गार्ड पण लावा (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे ते छोटे निरोप), तिथं कुणी स्विच जोडला की पोर्ट आपोआप बंद.

साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं, काहींमध्ये लूप डिटेक्शनचं बटण असतं, घेताना तेवढं तरी बघा. आणि पुढच्या वेळी असं झालं तर एक एक केबल काढत बसू नका, अर्ध्या केबली एकदम काढा, लाइट शांत झाले का बघा, झाले तर लूप त्या अर्ध्यात, मग त्यातल्या अर्ध्या लावा, असं करत गेलं की २४ पोर्टच्या स्विचवर पाच-सहा स्टेपमध्ये सापडतं. आयपी फोन असतील तर ते आधी बघा, त्यांना मागे दोन पोर्ट असतात आणि दोन्ही पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवलेले हमखास सापडतात.

प्रश्न : स्विच लावला तर इंटरनेट स्पीड वाढेल का?

उत्तर : नाही. तुमच्या प्लॅनपेक्षा एक एमबीपीएसही जास्त मिळणार नाही. पण घरातला टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, बॅकअपचा डिस्क असलं जे एका जागेवर बसलेलं आहे ते वायरने स्विचला लावलंत तर वायफायवरची तेवढी गर्दी कमी होते, आणि वायफाय अजूनही जुन्या हबसारखंच आहे, एका चॅनेलवर वेळ सगळ्यांनी वाटून घ्यायचा, त्यामुळे फोनवरचं इंटरनेट सुधारल्यासारखं वाटेल. तेवढ्यासाठी लावणार असाल तर जरूर लावा.

प्रश्न : ८ पोर्टच्या पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच पॉवर देणाऱ्या) स्विचवर ८ कॅमेरे आहेत. दिवसा सगळे नीट, रात्री दोन कॅमेरे बंद चालू बंद चालू होतात. कॅमेरे बदलून झाले. शिवाय कॅमेरे लावल्यापासून ऑफिसचं बाकीचं नेटवर्कही जड झालंय असं वाटतं.

उत्तर : रात्रीच होतंय हेच उत्तर आहे. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त पॉवर ओढतो. स्विचवर पीओई लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पोर्टची पॉवर वेगळी आणि सगळ्या पोर्टची मिळून टोटल वेगळी, त्या टोटलला पॉवर बजेट म्हणतात. समजा बजेट ६० वॉट आहे, दिवसा एक कॅमेरा ६ वॉट घेतो, आठांचे ४८, छान बसलं. रात्री तोच ९ घ्यायला लागला की ७२ झाले, मग स्विच कुणाची तरी पॉवर कापतो, बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटच्या नंबरच्या पोर्टची आधी. कापली की लोड कमी होतो, पुन्हा देतो, पुन्हा जास्त होतं. तुमचे ते दोन कॅमेरे पोर्ट ७ आणि ८ वर असतील तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

पीओईचे स्टँडर्डही बघून घ्या. २००३ चा ८०२.३ एएफ पोर्टवर १५.४ वॉट देतो पण लांब केबलमधला लॉस धरून पलीकडे डिव्हाइसला १२.९५ वॉटच गृहीत धरायचे. २००९ चा ८०२.३ एटी ३० वॉट देतो, पलीकडे २५.५. आणि केबल खऱ्या तांब्याची हवी, सीसीए म्हणून मिळते ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तिचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पडतं आणि केबल गरमही होते. असली केबल पीओईला वापरूच नका, स्टँडर्डमध्ये बसतच नाही ती.

नेटवर्क जड झाल्याचं म्हणाल तर आधी रेकॉर्डर कुठे जोडलाय ते सांगा. कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच स्विचवर असतील तर व्हिडिओ त्या स्विचच्या आतच फिरतो, ऑफिसच्या बाकीच्या केबलींवर येतच नाही, स्विचचा फायदाच तो. पण रेकॉर्डर दुसऱ्या टोकाला सर्व्हरशेजारी ठेवला असेल तर आठही कॅमेऱ्यांचं स्ट्रीम चोवीस तास तुमच्या मुख्य अपलिंकवरून, म्हणजे एका स्विचपासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या केबलवरून, जातंय. रेकॉर्डर उचलून कॅमेऱ्यांच्या स्विचला लावा, निम्मं दुखणं तिथंच संपेल. कॅमेरे मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम अनेकांना पाठवणं) वापरत असतील तर स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे स्ट्रीम कुठल्या पोर्टला हवंय ते ओळखायची सोय, चालू आहे का बघा, नसेल तर स्विच ते स्ट्रीमही ब्रॉडकास्टसारखं सगळ्या पोर्टवर सोडतो.

त्यापुढची पायरी व्हीलॅन. मॅनेज्ड स्विचवर एकाच डब्याचे दोन वेगळे स्विच केल्यासारखं होतं, कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, ऑफिस दुसऱ्या, एकाचे ब्रॉडकास्ट दुसऱ्यात जात नाहीत आणि एखाद्या स्वस्त कॅमेऱ्यात कुणी घुसलंच तर तिथून थेट हिशेबाच्या कॉम्प्युटरपर्यंत रस्ता नसतो. मधे राउटर किंवा लेयर ३ स्विच (राउटरचंही काम करणारा) असल्याशिवाय दोन व्हीलॅन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तिथंच तुम्ही ठरवायचं कुणाला कुठं जाऊ द्यायचं. फक्त एवढं बघा की दोन्ही व्हीलॅन ज्या ट्रंक केबलवरून जातात ती दोन्हींच्या गर्दीला पुरेल अशी हवी, व्हीलॅन केल्याने बँडविड्थ नवीन तयार होत नाही.

प्रश्न : दोन स्विचमध्ये एकाऐवजी दोन केबल टाकून जोडल्या तर स्पीड डबल होतो का? स्पॅनिंग ट्री तर एक बंद करतो म्हणता.

उत्तर : बरोबर, नुसत्या दोन टाकल्या तर एक बंदच राहणार. दोन्ही वापरायच्या असतील तर दोन्ही स्विचवर लिंक अॅग्रिगेशन सेट करायचं, एलएसीपी म्हणतात, मग स्पॅनिंग ट्रीला त्या दोन मिळून एकच लिंक दिसते. आधी सेटिंग, मग दुसरी केबल, हा क्रम पाळा. पण डबलची अपेक्षा नीट समजून ठेवा. स्विच अॅड्रेसवरून हिशोब करून ठरवतो की कुणाचं बोलणं कुठल्या केबलवरून जाईल, एकाच बोलण्याच्या फ्रेमा तो दोन केबलींवर वाटत नाही, कारण मग क्रम बिघडेल. म्हणजे एक माणूस एक मोठी फाइल कॉपी करत असेल तर त्याला १ जीबीपीएसच मिळणार, वीस माणसं काम करत असतील तर ती दोन केबलींवर साधारण वाटली जातील. मला यातला खरा फायदा वाटतो तो एक केबल तुटली तर काम चालू राहण्याचा. एकाच मशिनला जास्त स्पीड हवा असेल तर २.५ जीबीपीएसचे पोर्ट घ्या, २०१६ च्या ८०२.३ बीझेड स्टँडर्डचे, ते साध्या कॅट ५ ई वर १०० मीटरपर्यंत चालतात, भिंतीतली केबल उपटायला लागत नाही.

प्रश्न : दोन बिल्डिंगमध्ये ७० मीटरची केबल टाकून स्विच जोडलेत. दर पावसाळ्यात विजा झाल्या की एक तरी स्विच जातो. चांगल्या कंपनीचा घेतला तरी जातो. काय करावं?

उत्तर : कुठल्याही कंपनीचा घेतला तरी जाईल. ७० मीटर अंतर कॉपरच्या १०० मीटरच्या लिमिटात बसतं म्हणून लिंक लागते, पण दोन बिल्डिंगचं अर्थिंग वेगळं असतं, जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो आणि तो फरक भरून काढायला तांब्याची ती केबल हा सोपा रस्ता असतो. मधे बसलेला स्विच जळतो, कधी त्याला जोडलेली मशिनंही.

तिथं फायबर टाका. काचेतून करंट जात नाही, विषय संपला, फक्त मेटलचं आर्मर असलेली फायबर घेतलीत तर ते आर्मर नीट अर्थ करा किंवा सरळ मेटल नसलेली घ्या. स्विच निवडताना एसएफपी स्लॉट (फायबरचं मॉड्यूल बसवायची जागा) असलेले निवडा म्हणजे फायबर थेट त्यातच लागते, मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावलेत तर दोन्हीकडे एक एक अॅडॉप्टर आणि एक एक बिघडायची जागा वाढते. सिंगल मोड प्रकारची फायबर टाकून घ्या, पुढे १० जीबीपीएसला जायचं झालं तर फक्त दोन्हीकडचे मॉड्यूल बदलायचे. कोअर, म्हणजे आतले काचेचे धागे, चार तरी ठेवा, लागतील दोनच, पण एखादा खराब निघाला तर पुन्हा खोदायला नको.

आणि दोन्ही बाजूंचे स्विच यूपीएसवर घ्या, सर्व्हर यूपीएसवर असतो आणि स्विच साध्या प्लगवर, मग लाइट गेली की सर्व्हर चालू असूनही कुणाला दिसत नाही. एक सेम मॉडेलचा स्विच कपाटात जास्तीचा ठेवा, मॅनेज्ड असेल तर त्याच्या सेटिंगची बॅकअप फाइल पण, आणि कुठली केबल कुठल्या पोर्टला ते लेबलवर लिहून दोन्ही टोकांना चिकटवा. स्विच गेला तर कुणीही माणूस पंधरा मिनिटांत बदलू शकेल.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना एवढं करा, स्विचचं मॉडेल, कुठल्या पोर्टला काय लावलंय याचं हाताने काढलेलं चित्र आणि आयपर्फचा आकडा सोबत द्या, नुसतं नेट स्लो आहे एवढंच लिहिलंत तर मला उत्तर देता येत नाही.